स्टॉपचा हिशेब: कॅमेऱ्यात येणारा प्रकाश कसा आवरावा

कॅमेरा ही मुळात एक अंधारी पेटी आहे आणि तिच्यात प्रकाश किती मोठ्या वाटेने व किती वेळ येऊ द्यायचा, एवढेच आपल्याला ठरवायचे असते. हा हिशेब 'स्टॉप' या मापाने करतात: एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट होतो, एक कमी केला की निम्मा. मॅन्युअल मोडला, म्हणजे सगळी मापे आपणच लावण्याला, हात घालण्यापूर्वी हे माप अंगवळणी पाडावे.

शटरचे, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येईल ते ठरवणाऱ्या पडद्याचे, गणित सरळ आहे. १/१२५ सेकंदात जेवढा प्रकाश येतो, त्याच्या निम्मा १/२५० सेकंदात येतो. अ‍ॅपर्चरचे, म्हणजे भिंगातल्या पात्यांनी लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राचे आकडे मात्र नवख्याला चकवतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते, कारण भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगावर मिमीमध्ये लिहिलेल्या मापाला) छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा येतो; तो 'एफ २', 'एफ ४' असा सांगतात. ५० मिमीच्या भिंगात एफ २ ला छिद्राचा व्यास २५ मिमी असतो आणि एफ ४ ला १२.५ मिमी, व्यास निम्मा झाला, पण क्षेत्रफळ पावपट उरले, म्हणजे दोन स्टॉप गेले. अ‍ॅपर्चरची कडी असलेले जुने भिंग हाती आले तर ते उजेडाकडे धरून कडी फिरवावी; पाती मिटताना एकदा पाहिली की आकड्यांचा हा उलटा क्रम पाठ करावा लागत नाही.

तिसरे माप आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता. त्यामुळे आत येणारा प्रकाश वाढत नाही, प्रकाशापासून मिळालेला संकेत तेवढा वाढवला जातो. म्हणूनच अपुऱ्या प्रकाशात आयएसओ चढवला की चित्रात दाणे दिसू लागतात.

सरावासाठी स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवून शटर १/१२५ वर लावावे. आता दाट सावलीत झोका घेणारे मूल टिपायचे आहे आणि आयएसओ १००, एफ ५.६, १/६० असे माप जुळते आहे, असे समजा. उजेड बरोबर येईल, पण मूल पुसट दिसेल. शटर १/२५० केले की दोन स्टॉप कमी होतात. ते एफ २.८ करून भरून काढता येतात, मात्र तेव्हा स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग रेखीव दिसतो तो पट्टा, इतकी कमी होते की झोका पुढेमागे जाताच चेहरा फोकसमधून निसटतो. अशा वेळी मी छिद्र तसेच ठेवून आयएसओ ४०० करतो. थोडे दाणे चालतात, हुकलेला फोकस मागाहून सुधारता येत नाही.

कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवरही डोळे झाकून विसंबू नये. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे तो धरून चालतो, त्यामुळे चौकटभर पांढरी भिंत असली तर ती मळकट करडी उमटते. तेव्हा एक ते दीड स्टॉप वाढवावा, आणि काळ्या पार्श्वभूमीने चौकट भरली असेल तर साधारण एक स्टॉप उतरवावा.