भोगीची भाजी घरच्या गच्चीवर: हिवाळी बागेचं वेळापत्रक

वांगी, गाजर, वालपापडी, मटार, ओला हरभरा. भोगीच्या भाजीत पडणारं जवळपास सगळं गच्चीवर येतं. अडचण एवढीच की हे सगळं १३-१४ जानेवारीच्या सुमारास एकदम तोडायला तयार हवं. बरं म्हणजे संक्रांत सूर्यावर चालते, तिची तारीख फारशी हलत नाही. तिथून दिवस मागे मोजत आलं की पेरणीची तारीख हातात पडते.

घरगुती हिवाळी बाग बहुतेक वेळा खतापायी किंवा किडीपायी नाही, तर उशिरापायी फसते. दिवाळी आटोपून, फराळाचे डबे रिकामे झाल्यावर नोव्हेंबरअखेर लावलेलं टोमॅटोचं रोप फुलावर येतं जानेवारीत. मोठा बहर धरायची वेळ येते मार्चमध्ये, तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांपुढे गेलेला असतो आणि फुलं गळून पडतात. घटस्थापनेला बी टाकायचं हा जुना हिशोब ठीक आहे, पण अधिक महिन्याच्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरच्या मध्याकडे सरकतं. म्हणून तारीखच धरा. खालचं वेळापत्रक पुणे, नाशिक, सोलापूर या पट्ट्यासाठी आहे. कोकणात पाऊस रेंगाळतो, तिथे सगळं दहा-पंधरा दिवस पुढे ढकला.

आधी ऊन बघा

फळभाज्यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं तीन-चार तासांवर भागतं. सप्टेंबरमध्ये बघितलेलं ऊन डिसेंबरात त्याच जागी राहत नाही, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो. म्हणजे गच्चीच्या दक्षिण कठड्याची उंची ३ फूट असेल, तर त्याची दुपारची सावली पावणेतीन फूट आत येते. कठड्याला टेकवून ठेवलेल्या कुंड्या ऐन हंगामात दिवसभर सावलीत बसतात. त्या कुंड्या तीन फूट आत घ्या किंवा विटांवर, लोखंडी स्टँडवर उंच करा. सावलीची ती पट्टी पालक-कोथिंबिरीला द्या.

उत्तरेच्या गॅलरीत सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे वांग्याचा हट्ट धरू नये. पुदिना, अळू लावावं आणि समाधान मानावं.

कुंडी आणि माती

एका वांग्याला किंवा टोमॅटोला १५ ते २० लिटरचं भांडं हवं. रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घेतली तर उत्तम चालते. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा. भोकावर खापरीचा एकेक तुकडा पुरे. तळाला खडीचा जाड थर दिला की पाणी चांगलं निचरतं हा गैरसमज आहे, त्याने मुळांची जागा तेवढी कमी होते. गाजराला किमान १२ इंच खोली लागते. मेथी-कोथिंबीर ६ इंच खोल ट्रेमध्ये किंवा थर्माकोलच्या खोक्यात येते.

भरलेल्या, भिजलेल्या २० लिटरच्या बादलीचं वजन २५ किलोच्या आसपास जातं. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवा. खाली दोन विटा द्या, म्हणजे पाणी साचून स्लॅबला ओल धरणार नाही.

मिश्रणाचं प्रमाण असं: माती ४ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, जाड वाळू किंवा भाताची तुसं १ भाग. दर २० लिटरला निंबोळी पेंड दोन मुठी. देशावरची काळी माती नुसती भरू नका. ती ओली असताना चिखल होते, सुकली की भेगाळते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मूळ कोरडंच. काळी मातीच मिळत असेल तर तिचं प्रमाण ३ भागांवर आणून वाळू वाढवा. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून त्याच्या दाबलेल्या विटेला भरपूर पाण्यात फुगवून, पिळून, ते पाणी दोनदा टाकून द्यावं.

शेणखत कुजलंय का हे कसं ओळखायचं? मुठीत घ्या. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर कच्चं आहे. कुजलेलं खत भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कच्चं खत मुळं भाजतं आणि वर हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) घेऊन येतं ते वेगळंच.

काय कधी पेरायचं

बी जुनं असेल तर आधी उगवण तपासा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ दिवसांत सातपेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर पेरणी दाट करा, पाचपेक्षा कमी असतील तर नवं पाकीट आणा.

२० ते ३० सप्टेंबर: वांगी, टोमॅटो, मिरची आणि झेंडूचं बी रोपांसाठी ट्रेमध्ये. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावं, जास्त नाही. वांग्यात मांजरी गोटा हा वाण चवीला चांगला. टोमॅटोत पुसा रुबी जुना आणि भरवशाचा, अर्का रक्षक रोगाला जास्त टिकतो. जागा थोडी असेल तर चेरी टोमॅटो लावा, तो कधी निराश करत नाही.

५ ते १५ ऑक्टोबर: गाजर आणि हरभरा. दोन्ही जागेवरच पेरायचे. भोगीसाठी गाजराची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर समजा, कारण त्याला ८० ते ९० दिवस लागतात.

२५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर: मटार आणि कोकण भूषणसारखी बुटकी वालपापडी. दोन्ही साधारण ६० दिवसांत शेंगांवर येतात. याच सुमारास वांगी-टोमॅटोची रोपं मोठ्या भांड्यात हलवा. रोप चार आठवड्यांचं, चार-पाच खऱ्या पानांचं असावं. मिरचीला आणखी आठ-दहा दिवस द्या. रोपं संध्याकाळी हलवा आणि पहिले दोन दिवस दुपारी सावली करा. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत मातीत गाडला तरी चालतो, खोडालाही मुळं फुटतात. वांग्याला तसं खोल गाडू नका.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा: ऑक्टोबर ते जानेवारी, दर पंधरा दिवसांनी एकेक ट्रे. एकदम चार ट्रे पेरले की एका आठवड्यात मेथीचा डोंगर आणि नंतर महिनाभर काही नाही. मेथी २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर ४०-४५ दिवसांत. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, तरच लवकर उगवतात. तरीही दहा-बारा दिवस लागतात. घाईने माती उकरून बघू नये.

गाजराविषयी थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. बी बारीक असतं, अर्धा सेंटिमीटर खोल पडतं आणि दहा ते पंधरा दिवस वरची माती एकदाही कोरडी होता कामा नये. ओलं गोणपाट अंथरून ठेवा, पण रोज उचलून बघा. पहिले हिरवे धागे दिसले की त्याच संध्याकाळी काढा, नाहीतर कोंब पिवळे पडून लोळतात. रोपं बोटभर झाली की विरळणी करून ५ सेंटिमीटरवर एक ठेवा. उपटायला जीव होत नाही, पण विरळणी न केलेल्या ट्रेमध्ये पाला भरपूर आणि खाली शेपट्या निघतात. गाजराला दोन पाय फुटले तर मातीत खडा होता किंवा कच्चं शेणखत होतं. मानेपाशी हिरवं झालं तर उन्हाने, तिथे माती चढवा.

फुलं

झेंडू भाजीतच लावायचा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोआधी झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो, मग तिथल्या अळ्या वेचायला सोप्या पडतात. रोप महिन्याचं झालं की शेंडा खुडा, फांद्या वाढतात. खुडलेला चार इंचाचा शेंडा फेकू नका. खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचला तर दहा-बारा दिवसांत मुळं धरतो. दसऱ्याच्या तोरणातल्या फुलांचं बी पेरून बघायचा मोह सगळ्यांना होतो. ती फुलं बी पक्व व्हायच्या आत तोडलेली असतात, त्यामुळे उगवण कमी होते.

शेवंती ऑक्टोबरमध्ये रोपवाटिकेतून आणा. फुललेली नको, बुटकी आणि कळ्या न धरलेली घ्या. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते, तीही अखंड अंधाराची. गॅलरीतला दिवा रात्री अकरापर्यंत जळत असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल तर झाड हिरवंगार वाढतं आणि कळी धरत नाही. खत वाढवून उपयोग नाही, कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. पेटुनिया आणि डायन्थस याच काळात लावावेत. जानेवारीत त्यांचा भर असतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या आसपास भरतं ते उगाच नाही.

पाणी

पाणी वारावर किंवा घड्याळावर घालायचं नसतं. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. खाली ओल लागली तर आज सुट्टी. १२ इंची कुंडीला एका वेळी एक ते दीड लिटर, तळातून थोडं बाहेर येईपर्यंत. डिसेंबरात दोन-तीन दिवसांआड पुरतं, फेब्रुवारीत रोज लागतं. सकाळी घाला. संध्याकाळी पानं ओली राहिली तर करपा धरतो.

टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर ते फळात कॅल्शियम न पोचल्याचं लक्षण. लोक लगेच अंड्याची टरफलं घालतात. ती विरघळायला महिने लागतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतं. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असं पाणी दिल्याने ते फळापर्यंत जात नाही. पाणी सारखं ठेवा आणि वर वाळक्या पानांचं किंवा रसवंतीतून आणलेल्या उसाच्या वाळवलेल्या चिपाडाचं दोन इंच आच्छादन द्या.

खत

लागवडीनंतर तीन आठवड्यांनी सुरुवात. दर पंधरा दिवसांनी कुंडीत मूठभर गांडूळखत किंवा जीवामृत. जीवामृतासाठी १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम ताजं शेण, ५०० मिली गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी १०० ग्रॅम, मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन दिवस ठेवून रोज दोन वेळा ढवळा, दहापट पाण्यात घाला आणि आठवड्याच्या आत संपवा. चहाचा चोथा घालायचाच तर धुऊन. दूध-साखरेचा चोथा मुंग्यांना आमंत्रण देतो. टोमॅटो भरपूर पानं काढतोय आणि फुलं नाहीत, असं झालं तर नत्र जास्त झालंय. महिनाभर शेणाचं काहीही घालू नका.

कीड

मिरचीचं पान नीट बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी पडल्यासारखी दिसली तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी, रस शोषणारी कीड). दोन्हीला लोक चुरडामुरडाच म्हणतात, पण कोळ्यांवर पाण्यात विरघळणारं गंधक (लिटरला २ ग्रॅम) चालतं, फुलकिड्यांवर निंबोळी. गंधक कडक उन्हात मारू नका, पानं भाजतात.

निंबोळी अर्क घरी होतो: ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळा, चिमूटभर साबण घाला. तयार निंबोळी तेल लिटरला ५ मिली. फवारणी संध्याकाळी आणि पानाच्या खालच्या बाजूने, कारण मावा, पांढरी माशी तिथेच असते. वालपापडीच्या शेंड्यावर मावा नुकता दिसत असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही जातो.

वांग्याचा एखादा शेंडा भर पाण्यात असूनही माना टाकतो. कापून उभा चिरा, आत गुलाबीसर अळी मिळेल. असे शेंडे दिसतील तसे दोन इंच खालून छाटून साबणाच्या पाण्यात बुडवा. इथे फवारणी व्यर्थ आहे, अळी आत आहे. टोमॅटोची पानं बारीक होऊन वर गोळा झाली, झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. ते झाड उपटा. वाचवण्याच्या नादात शेजारची जातात.

भोगीनंतर

टोमॅटोचे बगलफुटवे (पान आणि खोडाच्या बेचक्यातले) काढत राहा, वांगं आणि मिरची मार्चपर्यंत चालते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कोथिंबीर पेरू नका, वीतभर होण्याआधीच फुलावर येते. झेंडूची चार चांगली फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्या, पुढचं बी तेच.

झाड उपटताना मुळं पाण्यात धुऊन बघा. वांग्या-टोमॅटोच्या मुळाला मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म जंत. वालपापडी, मटार, हरभऱ्याच्याही मुळांवर गाठी दिसतात, त्या घाबरायच्या नाहीत. त्या नखाने सहज सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी असतात, नत्र धरणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण मूळच सुजलेलं असतं. अशी माती एप्रिलमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकवर सहा इंच पसरा, वरून तसंच प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्या. पुढच्या हंगामात त्या मातीत वांगं, टोमॅटो, मिरची नको. कांदा किंवा झेंडू लावा.