कुंडीतील तिखट मिरची: बी टाकण्यापासून छाटणीपर्यंत

कुंडीतली मिरची बहुतेक वेळा जास्त पाण्याने मरते, आणि जी जगते ती जास्त खताने नुसती पाला धरते. मिरचीला ऊब, ऊन आणि मुळांशी खेळती हवा हवी असते. या तीन गोष्टी मिळाल्या की बाकीची काळजी थोडीच उरते.

बी निवडताना मिरचीची जात लक्षात घ्यावी. नेहमीच्या बहुतेक मिरच्या कॅप्सिकम अ‍ॅन्युअम या जातीतल्या असून त्या नवशिक्यासाठी सोप्या आहेत. हाबानेरोसारख्या अतितिखट मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स या जातीच्या. त्या उगवायला आणि फळायलाही अधिक वेळ घेतात. घरच्या मिरचीचे बी घ्यायचे असल्यास झाडावरच पूर्ण पिकलेल्या फळातून काढून ते सावलीत वाळवावे. संकरित वाणाच्या फळातले बी मात्र मूळ झाडासारखीच मिरची देईल याची खात्री नसते.

बी आठ-दहा तास कोमट पाण्यात भिजवून, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेल्या गांडूळखताच्या मिश्रणात अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावे. उगवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. अ‍ॅन्युअम जातीचे बी साधारण ८ ते १४ दिवसांत उगवते, पण चायनेन्सला तीन-चार आठवडेही लागू शकतात, आणि नेमके याच काळात अनेक जण बी खराब निघाले असे समजून कुंडी रिकामी करतात. बी वर येताच कुंडी भरपूर उजेडात ठेवावी, नाहीतर रोपे उजेडाच्या शोधात लांबट आणि लुकडी होतात. माती सतत चिंब राहिली तर बुरशीमुळे रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. यावर उपाय शोधण्यापेक्षा पाणी आवरते घेणे आणि रोपांभोवती हवा खेळती ठेवणे अधिक उपयोगाचे, कारण कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही.

रोपाला चार ते सहा खरी पाने (पहिल्या दोन बीजपत्रांनंतर येणारी) आली की ते मोठ्या कुंडीत लावावे. एका रोपाला किमान १० ते १२ इंच व्यासाची, तळाला भोके असलेली कुंडी द्यावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण पुरेसे आहे. माती चिकट असल्यास थोडी जाड वाळू मिसळावी. पुनर्लागवड संध्याकाळी करावी आणि कडक ऊन एकदम न देता आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यावे. त्यानंतर रोज किमान सहा तास थेट ऊन आवश्यक आहे.

पाण्याचे वेळापत्रक ठरवू नये. बोट मातीत इंचभर खुपसावे आणि ते कोरडे लागले तरच, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. भर दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा धावत जाऊन पाणी ओतण्याचा मोह आवरावा. माती ओलसर असेल तर रोप संध्याकाळी आपोआप सावरते. सकाळीही पाने मरगळलेली असतील आणि माती कोरडी असेल, तर मात्र रोप खरोखर तहानलेले आहे. माती ओली असूनही पाने सुकत असल्यास मुळे कुजत असल्याची शंका घ्यावी.

लागवडीनंतर महिनाभराने सुरुवात करून, दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत पुरते. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड गडद हिरवे, डेरेदार आणि बिनफळाचे होते. कळ्या दिसू लागल्यावर नत्र कमी आणि पालाश (पोटॅश) अधिक असलेले खत द्यावे.

दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले किंवा रात्रीचे १५ अंशांच्या खाली उतरले, तर फुले गळतात. अशा वेळी खत वाढवून काही साधत नाही, हवामान बदलेपर्यंत वाट पाहावी. मिरचीच्या फुलाचे स्वपरागीभवन होते, म्हणजे ते स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून बंदिस्त जागेत फांदी हलकेच हलवली तरी काम होते. शेजारच्या तिखट मिरचीमुळे ढोबळी मिरची तिखट होते हा समज चुकीचा आहे: परागाचा परिणाम त्या फळाच्या बियांत उतरतो, म्हणजे तो दिसलाच तर पुढच्या पिढीत दिसतो.

पाने आक्रसू लागली की ती कोणत्या दिशेला वळली आहेत ते पाहावे. कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स) असतात. कडा खाली वळल्या असतील तर डोळ्यांना न दिसणारे कोळी (माइट ही कीड). सुरुवातीलाच लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारावे. पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळे झाड खुजे होऊन चुरडले असेल, तर त्यावर औषध नाही; ते उपटून टाकावे.

तयार मिरच्या वेळेवर आणि देठासह कात्रीने कापाव्यात. ओढल्यास फांदी मोडते, आणि फळे झाडावर पिकत राहिली की नवी फुले कमी येतात. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही, ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात तयार होते, आणि ते पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून अतितिखट मिरची हाताळल्यावर हातांना आधी तेल चोळावे, मग साबणाने धुवावे.

बहर संपला म्हणून झाड उपटू नये. कडक थंडीपासून जपल्यास मिरची काही वर्षे जगते. फांद्या एक तृतीयांश उरतील इतक्या छाटाव्यात आणि नवी पालवी फुटेपर्यंत पाणी निम्म्याहून कमी करावे, कारण पानेच नसलेले झाड पाणी ओढत नाही.