अपशिंगे मिलिटरीला जायच्या आधी

१४ जानेवारीला, माजी सैनिकांच्या दिवशी, पोरांना घेऊन अपशिंगे मिलिटरीला, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या फौजींच्या गावाला, जाणार असाल तर पहिली तयारी घरातच करायची, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारायचं की आपल्यातलं कोण कोण फौजेत होतं, आणि नाव, रँक, रेजिमेंट सगळं कागदावर उतरवायचं. साताऱ्यात शोधलं की एखादा तरी निघतोच. तो कागद पोरांकडं द्या, सोबत न्यायचाच आहे.

पहिल्या महायुद्धात या गावातले ४६ जण कामी आले असं सांगतात, त्यांच्यासाठी इंग्रज सरकारनं स्मारक बांधलं, हे गाडीतच सांगून टाका. तेव्हा मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, म्हणजे आत्ताचा इराक, मोबाईलवर नकाशा काढून दाखवा कारण अंतर बघितल्याशिवाय त्यांना काही कळत नाही.

फुलं साताऱ्यातनंच घ्या, सुटा झेंडू बरा, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेले बुके नकोत. पाणी, टोपी, ते तर घ्यालच. घरी आजोबांची किंवा वडिलांची मेडल्स असतील आणि ते हयात नसतील, तर घरच्यांनी ती उजव्या छातीवर लावायची, डावी बाजू ज्यानं ती कमावली त्याची. स्मारकाच्या कट्ट्यावर चढून सेल्फी नको म्हणजे नको.

१९५३ ला याच दिवशी आपल्या लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा रिटायर झाले म्हणून हा माजी सैनिकांचा दिवस, आणि बहुतेक वर्षी संक्रांतपण त्याच दिवशी, तेव्हा तिळगुळाचा डबा मोठाच घ्या, गावात पेन्शनर भरपूर भेटतील.

आणि एक, पोरं हमखास विचारतात "तुम्ही किती जणांना मारलं", ते विचारायचं नाही हे आधीच बजावून ठेवा. घरून पत्र यायला किती दिवस लागायचे, पहिल्यांदा बर्फ कुठं बघितला, असलं विचारा, माणसं मोकळी होतात. मी आमच्या आजोबांना हे कधी विचारलंच नाही, ते गेल्यावर ट्रंकेत आजीनं पाठवलेली अंतर्देशीयं सापडली, घड्या पडून पडून फाटायला आलेली, आणि त्यातलं काय खरं काय कसं हे सांगणारं आता घरात कुणी नाही.

म्हणून परतीची घाई ठेवू नका, कुणी सुभेदार काका चहाला घरी चला म्हणाले तर जा.