कॅप संपत आलीये, मग कोणाला ठेवायचं? एनएचएल टीमचा री-सायनिंगचा हिशोब

दर उन्हाळ्यात तेच. पाच-सहा जणांची कॉन्ट्रॅक्ट एकदम संपतात आणि फॅन्सना सगळेच हवे असतात. एनएचएलची (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा, हार्ड आहे, दंड भरून वर जायची सोय नाही. ऑफ-सीझनमध्ये १० टक्के वर गेलेलं चालतं पण सीझन सुरू व्हायच्या आत खाली यावंच लागतं. २०२५-२६ ला कॅप ९५.५ मिलियन डॉलर, २०२६-२७ ला १०४ आणि २०२७-२८ ला ११३.५.

सगळ्यात आधी नावं बाजूला ठेवा आणि तीन वर्षांचा तक्ता करा. कोण कोण आधीच साइन आहे, किती पैसे अडकलेत आणि २३ पैकी किती जागा उरल्यात. लोक फक्त पुढच्या सीझनचं बघतात आणि इथेच गडबड होते, कारण आज एंट्री लेव्हलवर (नव्या प्लेयरच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर) स्वस्तात खेळणारा पोरगा दोन वर्षांनी खरी किंमत मागणार असतो आणि तेव्हा त्याचे पैसे तुम्ही ३१ वर्षांच्या विंगरला देऊन बसलेले असता.

मग डॉलर सोडा, कॅपच्या टक्क्यात बघा. शिकागोच्या पॅट्रिक केन आणि जोनाथन टेव्ज यांचं वर्षाला १०.५ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट २०१५-१६ ला सुरू झालं तेव्हा कॅप होती ७१.४, म्हणजे प्रत्येकी १४.७ टक्के. एडमंटनच्या लिऑन ड्रायसायटलचे वर्षाला १४ मिलियन ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले होते, पण ९५.५ च्या कॅपमध्ये तेही १४.७ टक्केच! कॅप वाढली की हाच आकडा आपोआप हलका होतो. पण यावर फार विसंबू नका, २०१९-२० पासून तीन सीझन कॅप ८१.५ वरच अडकली होती आणि तेव्हा बऱ्याच टीम्सना चांगले प्लेयर फुकट द्यावे लागले.

आता खरा प्रश्न. पैसे पुढच्या वर्षांचे द्यायचे असतात, झालेल्या गोलचे नाही. हे सगळ्यांना पटतं पण कॉन्ट्रॅक्टच्या वर्षात कोणी ३४ गोल मारले की सगळे विसरतात. शूटिंग टक्केवारी बघा. समजा प्लेयर दरवर्षी २०० शॉट मारतो आणि करिअरभर त्याचे ११ टक्के आत जातात, तर ते २२ गोल. या वर्षी १७ टक्के गेले म्हणून ३४ झाले. शॉट तेवढेच आहेत ना? मग तो २२ गोलवालाच आहे, त्याचेच पैसे द्या. उलट शॉट्स वाढलेत, पॉवर प्लेवर (समोरचा एक प्लेयर पेनल्टीत बाहेर असताना) जागा मिळाली, पहिल्या लाइनवर (मुख्य तीन फॉरवर्डमध्ये) आला, तर वाढ खरी असू शकते. शिवाय वय. फॉरवर्ड बहुतेक पंचविशीच्या आसपास टॉपला असतात आणि तिशीनंतर उतार लागतो, त्यामुळे २९ व्या वर्षी ७ वर्षं देताना शेवटची तीन वाया जाणार असं धरूनच चाला. अपवाद असतात, टोरंटोच्या जॉन टॅव्हरेसने चौतिशीत ३८ गोल मारले आणि तरीही २०२५ ला वर्षाला ४.३८ मिलियनवर चार वर्षं साइन केलं. असा माणूस असेल तर विचार कसला करताय.

यूएफए (कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर कुठेही जाऊ शकणारा) आणि आरएफए (ज्याच्यावर जुन्या टीमचा हक्क राहू शकतो असा, बहुतेक तरुण प्लेयर) एका रांगेत बसवू नका. यूएफए १ जुलैला मोकळा. आरएफएचे हक्क क्वालिफाइंग ऑफर (नियमाने ठरलेली किमान ऑफर) दिली की तुमच्याकडेच राहतात, म्हणून लोक त्याला शेवटी ठेवतात आणि तेवढ्यात दुसरी टीम ऑफर शीट, म्हणजे त्याच्यापुढे स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट, टाकते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे दोघांनाही अशीच शीट दिली. एडमंटनकडे मॅच करायला (तेवढेच पैसे देऊन ठेवून घ्यायला) ७ दिवस होते, पण कॅप आधीच तंग, त्यामुळे दोघं गेले आणि हातात आले ड्राफ्टमधले दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचे पिक (नवे प्लेयर निवडायचे हक्क). हॉलोवेने त्याच सीझनला ६३ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) काढले.

कोणाला सोडायचं ते ठरवताना विचारा की याची जागा कोण किती पैशात भरेल. शिकागोने २०१० ला स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला आणि लगेच बफलिन, लॅड, वर्स्टीग यांना ट्रेड केलं. गोलकीपर निएमीला आर्बिट्रेशनमध्ये (लवादाकडून) २.७५ मिलियन मिळाले तर तेही नाकारून त्याला सोडलं. तेव्हा लोक वेडे झाले होते. पण केन, टेव्ज, कीथ राहिले आणि २०१३ व २०१५ चे कप आले. माझ्या मते पैसा सुपरस्टारवर वाया जात नाही, तो तिसऱ्या लाइनच्या आवडत्या माणसाला चार-पाच मिलियन पाच वर्षं दिल्यावर जातो. त्याचं काम कमीत कमी पगारावरचा पोरगा बऱ्यापैकी करतो.

चुकलं तर बायआउट (काही पैसे देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडणं) आहे, पण ते स्वस्त नाही. २६ किंवा त्यावरच्या प्लेयरचे दरवर्षी ५ मिलियनप्रमाणे ३ वर्षं उरले असतील तर दोन तृतीयांश म्हणजे १० मिलियन दुप्पट काळात, ६ वर्षं, दरवर्षी १.६७ कॅपवर. म्हणून घासाघीस वर्षांवर करा, आणि नो-मूव्ह क्लॉज (मर्जीविना ट्रेड न करण्याची अट) द्यायचाच असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता.

शेवटच्या वर्षात शिरताच, म्हणजे आदल्या १ जुलैपासून, एक्स्टेंशन करता येतं. त्या वर्षभरात प्लेयर साइन करत नसेल आणि प्लेऑफची आशा नसेल तर मार्चच्या ट्रेड डेडलाइनला ट्रेड करा. २०१८ ला आयलँडर्सनी टॅव्हरेसला ठेवून घेतलं, तो १ जुलैला टोरंटोला गेला आणि आयलँडर्सना काहीच मिळालं नाही. २०२५ ला टोरंटोवर तीच पाळी मिच मार्नरची आली, पण त्यांनी निदान साइन करून वेगासला ट्रेड केलं आणि बदल्यात निकोलस रॉय तरी पदरात पाडून घेतला.