फायब्रॉइडच्या जुन्या ऑपरेशननंतर फुप्फुसात गाठी दिसल्या तर

एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत गोल, स्पष्ट कडांच्या अनेक गाठी दिसल्या, की आपल्याकडे आधी टीबीचा संशय येतो, मग कर्करोग पसरल्याचा. दोन्ही तपासायलाच हवेत. पण पूर्वी फायब्रॉइड (गर्भाशयातली, कर्करोग नसलेली गाठ) किंवा गर्भाशय काढलेले असेल, तर तिसरी, दुर्मीळ शक्यताही डॉक्टरांच्या कानावर घाला: बिनाइन मेटास्टेसायझिंग लायोमायोमा. यात साध्या फायब्रॉइडसारख्याच गाठी फुप्फुसात सावकाश वाढतात. ऑपरेशननंतर १०-१५ वर्षांनीही त्या सापडतात. बहुतेकींना त्रास नसतो. काहींना खोकला किंवा धाप लागते. इतके जुने ऑपरेशन सांगायचे राहून जाते आणि निदान तिथेच चुकते.

आधी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल) शोधा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. तेव्हाच्या गाठीच्या काचपट्ट्या आणि तिचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी विभागाकडे लेखी अर्ज करून मागा. गर्भाशयातली जुनी गाठ खरोखर साधी होती की लायोमायोसार्कोमा (गर्भाशयाच्या स्नायूचा कर्करोग), हे त्या पुन्हा तपासूनच ठरते. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे काम हेच.

मग सीटी स्कॅन आणि बायोप्सी. सुईने काढलेला तुकडा कधी अपुरा पडतो. अशा वेळी दुर्बिणीतून अख्खी गाठ काढून तपासतात. रिपोर्टमध्ये एसएमए, डेस्मिन (स्नायूपेशींच्या खुणा), ईआर आणि पीआर (स्त्री-हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या खुणा) पॉझिटिव्ह, केआय-६७ (पेशी वाढण्याच्या वेगाची खूण) कमी, पेशीविभाजन तुरळक आणि नेक्रोसिस (पेशी मेलेला भाग) नाही, असे असेल तर हे निदान पक्के होत जाते. सुईच्या बायोप्सीनंतर छातीत कळ आली किंवा दम लागला तर लगेच सांगा. फुप्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते.

या गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनवर पोसतात. गर्भाशय काढले तरी अंडाशय शाबूत असतील तर ते तयार होतच राहते. म्हणून रजोनिवृत्तीसाठीच्या हॉर्मोनच्या गोळ्या आणि टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचे औषध) चालू असल्यास आवर्जून सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. त्रास नसेल तर बहुधा ठरावीक अंतराने सीटी करून लक्ष ठेवतात. गाठी वाढल्या तर ल्युप्रोलाइड, लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी औषधे, अंडाशय काढणे किंवा फुप्फुसातली गाठ काढणे हे पर्याय आहेत.

गर्भाशयात मोठा फायब्रॉइड असताना पोटात आणि छातीत पाणी झाले, तर तो स्यूडो-मेग्ज सिंड्रोम असू शकतो. रक्तातले सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणारी खूण) वाढलेले असले तरी तेवढ्यावरून अंडाशयाचा कर्करोग धरू नये. त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का हे, आणि टीबीसाठी एडीए ही चाचणी, तपासून घ्या. नुसते पाणी काढले तर ते पुन्हा भरते. फायब्रॉइड काढल्यावर ओसरते.

एका पायाला सूज येऊन अचानक दम लागला, चक्कर येऊन शुद्ध हरपली किंवा खोकल्यातून रक्त आले, तर १०८ ला फोन करा. मोठ्या फायब्रॉइडने ओटीपोटातल्या शिरा दाबल्या की रक्ताची गुठळी होऊन फुप्फुसात जाऊ शकते. फारच क्वचित फायब्रॉइडची गाठ शिरेतून वाढत थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचते आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) गुठळीसारखी दिसते. तिथेही जुन्या ऑपरेशनचा कागद इको करणाऱ्यांना आधी दाखवा.