नॅनोच्या मागे कॅरिअर बसवण्याआधी

चित्र काढण्याआधी, पाइप आणण्याआधी, वेल्डिंगवाल्याला फोन करण्याआधी टेप काढा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून ओझ्याच्या मध्यापर्यंत किती अंतर पडणार आहे ते मोजा. मी ते मोजलं नव्हतं. बाकी सगळं केलं होतं. पाइपची जाडी ठरवली, बोल्ट चांगले आणले, सामानाचं वजन किलोत काढलं, रंगसुद्धा दोन हात दिला. हे एक अंतर राहिलं आणि कुंभार्ली घाटात आईला मागे बसवून मी गाडी जवळजवळ कठड्याला नेली. म्हणून ही यादी लिहितोय, आणि तेच तेच पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

गाडी नॅनो, २०११ ची. लांबी ३,०९९ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,२३० मिलिमीटर, इंजिन ६२४ सीसीचं आणि तेही मागे. मागचा डिकीचा दरवाजा उघडत नाही; उघडणारा दरवाजा २०१५ च्या मॉडेलपासून आला. चार माणसं बसली की पिशवी ठेवायलाही जागा उरत नाही, म्हणून मागे कॅरिअर लावायची इच्छा होते आणि ती रास्त आहे. टपावर नको का? मी नको म्हणतो. गाडी आधीच १,६५२ मिलिमीटर उंच आणि अंगाने अरुंद आहे. त्यावर आणखी उंच ओझं घेऊन वळणं घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता ते अंतर. ओझं दोन चाकांच्या मध्ये असलं की ते दोघांवर वाटलं जातं. मागच्या चाकाच्याही मागे गेलं की मागचं चाक टेकू होतं आणि गाडीचं नाक उचललं जातं, शाळेच्या मैदानावरच्या सी-सॉसारखं. हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. ओझ्याचं वजन गुणिले ते अंतर, भागिले २,२३०. येईल तेवढे किलो पुढच्या चाकांवरून उतरतात आणि ओझ्याबरोबर मागच्या चाकांवर जाऊन बसतात. माझ्या आंब्याच्या चार पेट्या प्रत्येकी २१ किलोच्या, म्हणजे ८४ किलो. कॅरिअर १६ किलोचं. एकूण १००. अंतर, जे मी नंतर मोजलं, ८२० मिलिमीटर. गुणाकार-भागाकार करा: पुढून ३७ किलो गेले, मागे १३७ वाढले. ज्या गाडीचं इंजिन मुळातच मागे आहे, जिची पुढची टायर १३५ मिलिमीटर रुंदीची आहेत, तिच्या पुढच्या चाकांवरून ३७ किलो.

घाटात काय झालं ते सांगतो. पोफळी मागे पडली, अंधार पडत होता, वळवाची एक सर येऊन गेली होती. वरून येणारी एसटी डिपर मारायला लागली. माझा लाइट लोवरच होता, मी दांडी पुन्हा हलवून खात्री केली. ड्रायव्हर मारतच राहिला. तिच्यामागून आलेली एसटीही तेच. तेव्हाच कळायला हवं होतं की नाक वर गेलंय आणि माझा लो लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातोय. पुढच्या डाव्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तर ते हातात हलकं, पाण्यात काठी फिरवल्यासारखं फिरलं, आणि गाडी वळायच्या आधी दोनेक हात सरळ गेली. ब्रेक दाबला नाही हे नशीब. वेग वीसच्या आसपास होता म्हणून पुढच्या क्षणी पकड आली आणि वळली. जागा पाहून थांबलो. बायको उतरली, मागे बघून म्हणाली, “अहो, गाडी मागे बसलीय बघा, त्या पेट्या आत घ्या.” दोन पेट्या पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत आणि सीटवर घेतल्या, ती मागे आईजवळ गेली, आणि हेळवाकपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आलो.

तर अंतर मोजायचं कसं. गाडी सपाट फरशीवर उभी करा. मागच्या चाकाच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूची खूण करा. दुसऱ्या बाजूच्या चाकाचंही तसंच करा आणि दोन खुणा जोडून रेघ मारा. आता ओझं. पेटी, बॅग, जे काय नेणार आहात ते भरा, रिकामं चालणार नाही. खाली एक गोल पाइप घालून पुढेमागे सरकवा. जिथे ती पाइपवर झुलायला लागेल तिथे तिचा मध्य. तो मध्य कॅरिअरवर जिथे येणार आहे तिथून जमिनीवर ओळंबा, आणि रेघेपासून टेप. बंपरपासून मोजू नका. बंपरपासून मोजलं की आकडा लहान येतो, मन शांत होतं आणि घाटात फसतं. रेघेपासून मोजा.

अंतर कळल्यावर वजन. गाडी वजनकाट्यावर न्या, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून आकडा घ्या, मग पूर्ण गाडी. ट्रकचे काटे पाच-दहा किलोच्या पायरीने दाखवतात, काही त्याहून मोठ्या, म्हणून तीनदा चढवा-उतरवा आणि काटेवाल्याला पायरी विचारा. तो वैतागेल. वैतागू द्या. रोजच्याइतकी माणसं बसवूनच वजन घ्या. माझा स्वतःचा नियम असा आहे की पुढच्या आकड्याचा विसावा भाग हीच सीमा, त्यापेक्षा जास्त पुढून उतरता कामा नये. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, घाटातून आल्यावर मी घालून घेतलेला आहे. मागच्या बाजूला टायर बघा. माझ्या मागच्या १५५/६५ आर १२ टायरवर ७१ हा लोड इंडेक्स आहे, म्हणजे एका टायरला ३४५ किलो, आणि तेसुद्धा हवा बरोबर असेल तर. सगळी माणसं, इंजिन, कॅरिअर, पेट्या मिळून दोन टायरवर किती येतं ते काट्याच्या आकड्यांवरून काढा. मॅन्युअलमध्ये एकूण भाराची मर्यादा दिलेली असते, तिच्याही आत राहायचं.

या हिशोबातून कॅरिअरचा आकार आपोआप ठरतो. खोल नको, रुंद करा. मी पहिल्यांदा दोन पेट्या एकामागे एक मावतील असं केलं होतं, दिसायला ऐसपैस. आता एकाच पेटीच्या खोलीचं आहे, ३०० मिलिमीटर, पेट्या शेजारी-शेजारी. बंपरपासून फट १०० वरून ६० वर आणली. कॅरिअर १० किलोचं, ओझं ४० किलोच्या वर नाही, अंतर ६४०. पुढून फक्त १४ किलो उतरतात. तीच गाडी, तोच घाट, स्टिअरिंग हातात जड लागतं आणि मला ते जड लागलेलं आवडतं. जागा खोल ठेवली की घरचे तिथे काहीतरी ठेवतातच, हेही लक्षात घ्या. जागाच ठेवू नका.

पाइप: २५ बाय २५ चौकोनी, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी. मीटरला साधारण दीड किलो भरतो. ॲल्युमिनियमचा मोह होतो, हलकं म्हणून, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचं ॲल्युमिनियम मऊ पडतं. ते करायचंच तर बोल्टने जोडा.

कुठे अडकवायचं हा खरा किचकट भाग. बंपर प्लास्टिकचा आहे, त्यावर काही टेकवायचंसुद्धा नाही. गाडी रॅम्पवर घ्या, खालून टॉर्च मारा आणि बॉडीचे जाड, बंद पेटीसारखे दुमडलेले उभे-आडवे भाग शोधा. तिथे बोल्ट, आणि आतल्या बाजूने ५ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे पत्रा फाटणार नाही. इंजिनाच्या माउंटिंगला हात लावायचा नाही. दोन सिलिंडरचं इंजिन, ते थरथरतं, आणि त्याच्या आधारावर तुम्ही ओझं लटकवलंत तर थरथर कॅरिअरच्या प्रत्येक जोडात जाते. बोल्ट एम १०, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले, नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने न सुटणारे, मोठे वॉशर. इथेही तेच अंतर पुन्हा येतं, फक्त या वेळी बोल्टपासून. खड्ड्यात आपटताना ओझं तिप्पट धरा. १०० किलोचे ३०० झाले. ते मागच्या बोल्टपासून ४० सेंटिमीटर मागे असेल आणि पुढचा-मागचा बोल्ट २० सेंटिमीटरवर असतील, तर पुढच्या बोल्टवर ६०० किलोची ओढ येते. वजन तेच, अंतराने ६०० केलं. बोल्टांमधलं अंतर वाढवा, ओझ्याचं कमी करा.

एक इशारा, आणि हा हलक्यात घेऊ नका. या गाडीची पेट्रोल टाकी पुढे आहे आणि इंजिन मागे. म्हणजे पेट्रोलची नळी गाडीच्या पोटाखालून पुढून मागे येते. ड्रिल लावायच्या आधी ती कुठून जाते ते बोट ठेवून पाहा, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगही पाहा. गाडीवर वेल्डिंग अजिबात नको. सांगाडा बाहेर वेल्ड करून आणा आणि गाडीला फक्त बोल्टने लावा. वेल्डिंगवाला म्हणेल, साहेब दोन टाके मारतो, पाच मिनिटांचं काम आहे. नाही म्हणा.

सायलेन्सर मागेच आहे आणि इंजिनाची गरम हवाही मागेच. कॅरिअरच्या तळाला पत्रा लावा आणि त्याच्या नि सायलेन्सरच्या मध्ये हात जाईल एवढी फट ठेवा. खालच्या थरातले आमचे डझनभर हापूस एका बाजूने शिजल्यासारखे मऊ झाले होते, पेंढा गरम लागत होता. ऑइल बदलायला खालून जायला वाट राहते का तेही मेकॅनिकला आधीच दाखवून घ्या. इंजिनावरचं झाकण मागच्या सीटच्या मागून आतूनच उघडतं, त्याला अडचण नाही.

कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असे फेरफार करू देत नाही, आणि २०१७ च्या डिसेंबरात बंपरवरच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला केंद्राने राज्यांना सांगितलं ते याच कलमाच्या आधारे. त्यामुळे कॅरिअर कायमचं जडवू नका. चार बोल्टांत निघेल असं करा, आणि काम झालं की काढून घरात ठेवा. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीलाही कळवा आणि उत्तर लेखी घ्या. सामान बाजूला किंवा मागे मर्यादेबाहेर गेलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. नंबरप्लेट, ब्रेकलाइट, इंडिकेटर झाकता कामा नयेत. नव्या हाय सिक्युरिटी प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने जडलेल्या असतात, त्या काढून कॅरिअरवर लावता येत नाहीत. म्हणजे चित्र काढतानाच प्लेट उघडी राहील अशी मधली जागा सोडायची. रात्री कोणालातरी पंधरा पावलं मागे उभं करून ब्रेक, इंडिकेटर दाबून पाहा.

रंग: रेड ऑक्साइड, मग काळा. पाइपची तोंडं बंद करा, तळाला पाणी निघायला भोक ठेवा. झालं.

बांधायला रॅचेटचे पट्टे, दोन आडवे, एक उभा. काथ्याची दोरी ताणते, नको. मोकळं टोक सायलेन्सरकडे लोंबू देऊ नका.

निघण्याआधी रिकाम्या गाडीची चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजून ठेवा, पुढची आणि मागची. सामान चढवून परत मोजा. पुढची वाढली असेल तर नाक उठलंय. सामान उतरवा, कमी करा. भिंतीवर लाइट पाडून तो किती वर गेला ते बघा. मागच्या टायरची हवा भाराप्रमाणे. पेट्रोल टाकी पूर्ण भरा, १५ लिटर म्हणजे अकरा किलो, आणि ते पुढे बसतात. जड माणूस पुढे बसवा. पहिल्या वीस किलोमीटरला थांबून नट तपासा, मग दर शंभरला.

आणि टेप, खडू, ओळंबा गाडीत बरोबर घ्या. जाताना आमच्या कॅरिअरवर कपड्यांच्या दोनच बॅगा होत्या आणि गाडी छान चालली होती. पेट्या परतीला चढल्या.