आतड्याचं अस्तर उपाशी ठेवू नका

मोठ्या आतड्याच्या अस्तरात पेशींचा जेमतेम एक थर असतो. अलीकडे अब्जावधी जिवाणू, पलीकडे रोगप्रतिकारक पेशींचा पहारा. दोघांची गाठ पडू नये म्हणून अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म पसरलेला असतो. निरोगी आतड्यात त्याच्या आतल्या पदरात जिवाणू जवळपास नसतातच. पोट बिघडलं की सगळे दह्याकडे वळतात, पण हा पदर टिकवायला आधी चोथा लागतो, म्हणजेच फायबर.

आपल्याला न पचलेलं फायबर जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन. दाह आवरणाऱ्या 'रेग्युलेटरी टी' पेशी घडवायलाही ते मदत करतं. फायबर मिळालं नाही, की काही जिवाणू श्लेष्मच खायला लागतात; उंदरांमध्ये अशाने थर पातळ होऊन रोगजंतू अस्तराला भिडल्याचं दिसलं आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी रोज किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, अख्ख्या मुगात सुमारे १७, पांढऱ्या तांदळात ३सुद्धा नाही. म्हणून पहिला आठवडा एका वेळच्या भाताऐवजी भाकरी घ्या. पुढे दिवसाआड अर्धी वाटी उसळ, मग सोसेल तशी रोज एक वाटी. एकदम वाढवलंत तर पोट फुगणारच. कडधान्यातल्या रॅफिनोजसारख्या साखरा जिवाणू झपाट्याने आंबवतात. मटकी, मूग ८-१० तास भिजवा, ते पाणी ओता, मोड आणा. त्रास बराच कमी होतो. पाणीही वाढवा, नाहीतर उलट बद्धकोष्ठ व्हायचं.

भात शिजवून गार केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, तोही जिवाणूंना चालतो. मात्र भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं उलटी आणणारं विष फोडणी देऊनही जात नाही.

ताक-दही जरूर घ्या, पण त्यातले जिवाणू आतड्यात सहसा मुक्काम करत नाहीत. उकळलेल्या कढीत तर ते जिवंतच नसतात.

क्रोन्स आजारात, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात, आतडं अरुंद झालं असेल तर फायबर वाढवायचा हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर आहार बदलत बसण्याआधी डॉक्टरांकडे जा.